अहवालांची गर्दी

वारंगा फाटा हें नांव पुण्या-मुंबईकडील पुष्कळ श्रोत्यांच्या कानांवरून गेलें नसेल. हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यांतील हें एक रस्ते फुटण्याचें ठिकाण. अकोल्याहून वाशीम, हिंगोली, नांदेड असा तेलंगणांतील संगारेड्डीकडे उतरणारा १६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग, आणि तुळजापुराहून लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा करीत नागपूरजवळच्या बुटीबोरीस जाणारा ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग, असे दोन मोठे रस्ते येथें एकमेकांस मिळतात. वऱ्हाडचा कापूस आणि वसमतची हळद वाहणाऱ्या मालमोटारींची येथून रात्रंदिवस ये-जा असते. वसमतच्या हळदीस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, हें वर्तमानपत्रें वाचणाऱ्यांस ठाऊक असेलच.

अशी एक मालमोटार चौकांतून एकदांच जाते. परंतु तिच्या नोंदी चार ठिकाणीं होतात. वजनकांट्यावर वजन उतरतें. बाजार समितीच्या दप्तरांत आवक लागते. टोलनाक्यावर कांचेवरची फास्टॅगची पट्टी वाचली जाऊन पैसे वळते होतात. ही पट्टी फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीची झाली. माल करपात्र असून राज्याबाहेर जावयाचा असेल आणि त्याची किंमत ५०,००० रुपयांहून अधिक असेल, तर १ एप्रिल २०१८ पासून सुरू झालेलें ई-वे बिलही काढावें लागतें. ह्यांपैकीं प्रत्येक नोंद इवलीशी असते. गाडीचा क्रमांक, वेळ, वजन, रक्कम, एवढेंच तिच्यांत असतें आणि संगणकास ती लिहून घेण्यास पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाहीं. जी यंत्रणा दिवसभर अशा हजारों नोंदी बिनतक्रार लिहून घेते, ती सकाळीं दहा वाजतां एकाएकीं अडखळूं लागते, कांट्यावरच्या कारकुनासमोर पडद्यावर नुसतें चक्र फिरत राहतें आणि बाहेर ट्रॅक्टरांची रांग लागते. असें कां व्हावें, ह्याचाच विचार ह्या भाषणांत करावयाचा आहे.

कारण बहुतेक वेळां एकच असतें. लिहिणारा एक आणि विचारणारे अनेक, अशी स्थिति झालेली असते. मालकाला कालची खरेदी पाहिजे, मुनिमाला थकबाकी पाहिजे, कर-सल्लागाराला महिन्याची बेरीज पाहिजे, बँकेला तारणमालाचा तक्ता पाहिजे. हे सगळे तक्ते, म्हणजे आजच्या भाषेंत रिपोर्ट, त्याच वह्यांतून काढले जातात ज्यांत कांटेवाला त्याच क्षणीं वजन लिहीत असतो.

व्यवहाराच्या नोंदींतून निर्णयास उपयोगी पडणारें ज्ञान काढणाऱ्या ह्या यंत्रणेस इंग्रजींत ‘बिझिनेस इंटेलिजन्स’ असें नांव आहे. १९५८ सालीं आयबीएम कंपनींतील हान्स पीटर लून ह्यानें ह्याच मथळ्याचा एक निबंध लिहिला आणि समोर मांडलेल्या गोष्टींचे परस्परसंबंध ओळखण्याची शक्ति, असा ‘इंटेलिजन्स’ शब्दाचा अर्थ त्यांत धरिला. हा शब्द व्यापारी जगांत रूढ झाला तो १९८९ च्या पुढें, हॉवर्ड ड्रेस्नर ह्यानें तो उचलून धरल्यावर. शब्द परका असला तरी गोष्ट मराठी माणसास मुळींच परकी नाहीं.

पुण्यास पेशव्यांचें हुजूर दफ्तर होतें. नाना फडणिसांच्या अमदानींत त्यांत दोनशेंहून अधिक कारकून राबत असत. परगण्या-परगण्यांतून येणारे हिशेब, सनदा, हुकूम, खर्चाच्या याद्या ह्यांची तेथें रोजच्या रोज रोजकीर्द होई. आतां कल्पना करावी कीं, अमुक सालीं सरकारचा एकंदर वसूल किती आणि खर्च किती, असा प्रश्न श्रीमंतांनीं विचारला आणि दोनशे कारकुनांनीं तेवढ्यासाठीं सबंध सालाच्या रोजकीर्दी पुन्हां उलगडून पानामागून पान बेरीज करावयास घेतली. तो दिवस आणि पुढचे कित्येक दिवस नवी नोंद कोणी करावी? जुन्या मुत्सद्द्यांनीं ही अडचण ओळखली होती. हुजूर दफ्तरांत ‘एलबेरीज’ नांवाचें एक निराळेंच खातें होतें. चालू दफ्तरांतून येणारे हिशेब घेऊन त्यांची सदरवार खतावणी करावयाची आणि जमा, खर्च व शिल्लक एका दृष्टिक्षेपांत दिसेल असे तर्जुमे, म्हणजे गोषवारे, तयार ठेवावयाचे, हें त्या खात्याचें काम. प्रश्न आला कीं गोषवारा पुढें करावा. कीर्द उलगडावयाची ती फक्त शंका निघाली तर. दुसऱ्या बाजीरावाच्या काळांत ही शिस्त ढिली झाली. १८१८ नंतर इंग्रजांनीं हें दफ्तर ताब्यांत घेऊन लावावयास आरंभ केला. पुढें रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई ह्यांनीं त्यांतील निवडक कागद ४५ भागांत छापून काढले, तेव्हां त्या कागदांचा पसारा सामान्य वाचकांस कळला.

आजचे तज्ज्ञ ‘डेटा वेअरहाऊस’ म्हणून ज्याचा मोठा बोलबाला करतात, त्यांत ह्या एलबेरजेहून तत्त्वतः निराळें फारसें नाहीं. चालू वही एका ठिकाणीं, गोषवाऱ्याचें कोठार दुसऱ्या ठिकाणीं. फरक आहे तो वेगाचा आणि पसाऱ्याचा. दोनशे कारकून एका वेळीं दोनशे प्रश्नांपलीकडे जाऊं शकत नसत आणि प्रश्न विचारण्याचा अधिकारही मोजक्यांनाच होता. आज तो अधिकार खिशांतील टेलिफोनवर प्रत्येकाच्या हातीं आला आहे.

एक हिशेब मांडून पाहावा म्हणजे गोष्ट स्पष्ट होईल. समजा, वारंगा फाट्यावर हळदीच्या एका व्यापाऱ्याची पेढी आहे, आणि वसमत, कळमनुरी, हिंगोली, हदगांव व अर्धापूर अशा पांच ठिकाणीं तिची खरेदी चालते. सगळीं मिळून दिवसाला ४०० वजनें होतात. वर्षाचे कामाचे दिवस ३०० धरले तर वर्षाला १,२०,००० ओळी झाल्या आणि दहा वर्षांत १२ लक्ष. पेढीचा संगणक सेकंदाला दोन लक्ष ओळी वाचतो असें धरूं या. आजचीं यंत्रें ह्याहून पुष्कळ जलद वाचतात, पण प्रत्येक ओळीशीं शेतकऱ्याचें नांव, प्रत, दर व कराची टक्केवारी निरनिराळ्या वह्यांतून जुळवून घ्यावी लागते, तेव्हां हा आकडा अगदींच कल्पनेंतला नव्हे. दहा वर्षांचा कल दाखविणारा एक अहवाल काढावयाचा म्हणजे ६ सेकंद लागले. सहा सेकंदांचें कोणास दुःख? पण पेढींत असे ६० अहवाल आहेत आणि ते सर्व सकाळीं दहा वाजतां एकदम निघावे अशी योजना कोणीतरी करून ठेविली आहे. एकामागून एक काढले तरी ६ मिनिटें झालीं. आणि ते एकामागून एक निघत नाहींत, हीच खरी गोम आहे. साठही जण एकाच वेळीं वही मागतात, संगणक प्रत्येकास थोडें थोडें वाचून दाखवितो आणि जवळजवळ सगळेच अहवाल सहाव्या मिनिटाच्या आसपास पुरे होतात. ज्याचें काम सहा सेकंदांचें होतें तोही सहा मिनिटें खोळंबतो.

आतां एलबेरजेची युक्ति लावून पाहावी. पांच ठिकाणें आणि कांडी, गट्टू वगैरे मिळून मालाच्या चार प्रती, अशी प्रत्येक जोडीची दिवसाला एकच बेरजेची ओळ रात्रीं करून ठेवली, तर दिवसाच्या ४०० ओळींच्या २० झाल्या. दहा वर्षांच्या १२ लक्षांऐवजीं ६०,००० ओळी वाचावयाच्या. सहा सेकंदांचें काम एक तृतीयांश सेकंदाच्या आंत येतें आणि साठही अहवाल १८ सेकंदांत बाहेर पडतात. महिनेवार गोषवारा केला तर ओळी उरतात अवघ्या २,४००. यंत्र तेंच, वह्या त्याच, माणसेंही तींच.

गोषवारा करतांना एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून सांभाळावी लागते, आणि शाळेंत शिकलेलें अंकगणित लोक किती लवकर विसरतात ह्याचें प्रत्यंतर येथें येतें. वसमतेस १०० क्विंटल हळद १२,००० रुपये दरानें घेतली आणि हिंगोलीस ३०० क्विंटल १४,००० रुपये दरानें घेतली, असें समजा. सरासरी दर काय? दोन्ही सरासऱ्यांची सरासरी काढणारा १३,००० म्हणेल. खरें उत्तर १३,५०० आहे. गोषवाऱ्यांत नुसता सरासरी दर लिहून ठेविला तर पुढें कोणत्याही युक्तीनें खरा दर परत मिळत नाहीं. एकंदर वजन आणि एकंदर रक्कम हीं दोन्हीं ठेवावीं लागतात. तीच गोष्ट ‘किती निरनिराळ्या शेतकऱ्यांनीं माल घातला’ ह्या प्रश्नाची. सोमवारीं ८० आणि मंगळवारीं ७० शेतकरी आले म्हणून दोन दिवसांचे १५० होत नाहींत, कारण कांहीं जण दोन्ही दिवशीं आलेले असतात. अशा प्रश्नाला मूळ कीर्दच उघडावी लागते, किंवा त्यासाठीं निराळी सोय आधींच करून ठेवावी लागते. जलद पण चुकीचा अहवाल देणाऱ्या यंत्रणेपेक्षां सावकाश पण बरोबर सांगणारा मुनीम शतपटीनें बरा.

शिळेपणाची अडचणही आहेच. रात्रीं केलेला गोषवारा सकाळीं अकरा वाजतां शिळा झालेला असतो, आणि हळदीचा दर तर दुपारपर्यंत हालतो. ह्यावर उपाय असा कीं, कालपर्यंतचें गोषवाऱ्यांतून घ्यावें आणि आजच्या तेवढ्या दीड-दोनशें ओळी कीर्दींतून वाचून त्यांत मिळवाव्या. चांगल्या यंत्रणा हेंच करतात.

आतां रांगेचें गणित. १९०९ सालीं कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनींतील ए. के. एर्लांग ह्या गणितज्ञानें, टेलिफोन मागणारे लोक वाटेल तेव्हां मागणी करीत असतां त्यांची गर्दी कशी होते, ह्यावर आपला पहिला निबंध प्रसिद्ध केला. त्यांतून पुढें जें शास्त्र वाढलें त्याचा एक निष्कर्ष प्रत्येक कचेरीच्या भिंतीवर लावण्याजोगा आहे. समजा, अहवाल काढण्यास सरासरीनें ६ सेकंद लागतात. म्हणजे यंत्र मिनिटाला १० अहवाल देऊं शकतें. मागण्या अनियमितपणें येतात, कांहीं अहवाल लहान, कांहीं मोठे, आणि यंत्र ते एकेक करून काढतें. मिनिटाला ५ मागण्या येत असतील तर प्रत्येकास रांगेंत सरासरी ६ सेकंद थांबावें लागतें. ८ येऊं लागल्या तर २४ सेकंद. ९ आल्या तर ५४. आणि साडेनऊ आल्या तर ११४ सेकंद, म्हणजे जवळजवळ दोन मिनिटें. आठांचे साडेनऊ होतांना काम वाढलें तें पांचव्या हिश्श्याहूनही कमी, पण थांबणें मात्र पावणेपांच पटींनीं वाढलें. म्हणून ‘काल-परवांपर्यंत तर सुरळीत चाललें होतें, एकच तर नवा अहवाल वाढविला,’ ही तक्रार खोटी नसते. भरत आलेल्या रांजणांत शेवटचे दोन तांबे ओततांना पाणी बाहेर सांडतें, तशांतला तो प्रकार.

मागणी मोजतांनाही पुष्कळदां फसगत होते. ‘डॅशबोर्ड’ म्हणून जो चित्रमय फलक आज प्रत्येक अधिकाऱ्याच्या टेबलावर असतो तो दिसावयास एक. परंतु त्यावरचें प्रत्येक चित्र हा स्वतंत्र प्रश्न असतो. १२ चित्रांचा फलक दर पांच मिनिटांनीं आपोआप ताजा होत असेल आणि ४० जणांनीं तो उघडा ठेविला असेल, तर तासाला ५,७६० प्रश्न झाले. ह्यांतले कित्येक जण जेवावयास गेलेले असतात! सर्वांस एकच चित्र दाखवावयाचें असेल तर एकदां काढलेलें उत्तर जपून ठेवून चाळीसांना दाखवितां येतें. परंतु वसमतच्या माणसास वसमतचेंच आणि हदगांवच्या माणसास हदगांवचेंच दिसावें, असा निर्बंध घातला कीं एकाचें उत्तर दुसऱ्यास चालत नाहीं आणि ती बचत बरीचशी हातची जाते. गुप्तता पाळणें आवश्यक असेल तेथें ती पाळावीच. तिची किंमत मात्र आधीं मोजून ठेवावी.

मोठा अहवाल लहान कामास कसा मारतो, हें समजून घेण्यासारखें आहे. संगणकाची स्मरणशक्ति मर्यादित असते. वारंवार लागणारीं पानें तो हाताशीं ठेवितो, बाकीचीं तळघरांतून काढून आणतो. कांट्यावरच्या कारकुनास लागणारीं चारदोन पानें नेहमीं हाताशीं असतात म्हणून त्याचें काम क्षणांत होतें. इतक्यांत कोणी दहा वर्षांचा अहवाल मागितला कीं संगणक तळघरांतून गाडीभर वह्या आणून टेबलावर रचतो आणि त्या भाराखालीं कारकुनाचीं चार पानें खालीं ढकललीं जातात. चांगल्या यंत्रणा हें टाळण्याची खटपट करतात, पण ती नेहमीं साधतेच असें नाहीं. कांहीं डेटाबेसांत तर पान वाचलें जात असतां त्यावर लिहिणाऱ्यास थांबावेंच लागतें. इतर कांहींत जुनी प्रत बाजूला राखून वाचणारा व लिहिणारा ह्या दोघांनाही वाट देतात, पण अहवाल तासभर चालला तर त्या जुन्या प्रतींचाच ढीग वाढत जातो. आणि फाट्यावर ट्रॅक्टर घेऊन आलेल्या शेतकऱ्याला ह्यांतलें कांहींच ठाऊक नसतें. त्याला एवढेंच दिसतें कीं कांटा चालू आहे, वजन पडद्यावर आहे, पण पावती निघत नाहीं. पावती नाहीं तर पट्टी नाहीं, पट्टी नाहीं तर पैसे नाहींत, आणि ट्रॅक्टरचें भाडें तर चालूच आहे. जानेवारीपासून काढणी, मग शिजविणें, वाळविणें, घोळून चकाकी आणणें, इतक्या खटाटोपानंतर बाजारांत आणलेला माल कोणाच्या तरी रंगीत फलकापायीं उन्हांत उभा राहावा, हा अन्याय आहे, आणि तो करणाऱ्यास तो दिसत नाहीं हें अधिक वाईट.

शोध जलद व्हावा म्हणून सूची करण्याचा उपाय सर्वांस सुचतो. महसुली दप्तरांत त्याचें उत्तम उदाहरण आहे. तलाठ्याकडे गांव नमुने १ पासून २१ पर्यंत असतात. त्यांतील सात आणि बारा मिळून जो सातबारा होतो तो जमिनीच्या गटाप्रमाणें लावलेला. अमक्या खातेदाराची गांवांत एकंदर जमीन किती, हें सातबाऱ्यांवरून काढावयाचें तर सगळे गट चाळावे लागतील. म्हणून ‘आठ-अ’ हा नमुना खातेदारवार ठेवलेला असतो. एक पान उघडलें कीं काम झालें. पण जमीन विकली गेली म्हणजे सहाच्या नमुन्यांत फेरफाराची नोंद, मग सातबाऱ्यांत दुरुस्ती, मग आठ-अ मध्यें दुरुस्ती, असें लिहिण्याचें काम वाढतें. संगणकांतील सूचीचेंही असेंच आहे. वाचणें हलकें होतें, लिहिणें जड होतें. प्रत्येक नव्या अहवालासाठीं एक नवी सूची करणारा मनुष्य वाचणाऱ्यांची रांग मोडून ती कांट्यावर नेऊन उभी करतो, इतकेंच.

वही उभी ठेवावी कीं आडवी, असाही एक विचार आहे. चाळीस रकान्यांच्या वहींतून नुसत्या वजनाची बेरीज करावयाची असली तरी सामान्य डेटाबेसास सबंध ओळच उचलावी लागते. म्हणून अहवालांच्या कोठारांत प्रत्येक रकाना निराळ्या वहींत ठेवण्याची पद्धति निघाली आहे. बेरजांना ती फार सोयीची, रोजच्या नोंदींना गैरसोयीची. एवढ्यावरून चालू वही व कोठार वेगळें असावें हें कळतें.

गर्दी यंत्रापेक्षां वेळापत्रकानें अधिक होते, ह्याचें एक मोठें उदाहरण सर्व देशानें पाहिलें आहे. १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर सुरू झाला आणि व्यापाऱ्यांनीं दरमहा ‘जीएसटीआर-३बी’ हें विवरणपत्र संगणकावरून भरावयाचें ठरलें. मुदत सर्वांना एकच, महिन्याची २० तारीख. मनुष्यस्वभाव असा कीं काम शेवटच्या दिवसावर जावयाचें. त्यामुळें त्या दिवसांत यंत्रणेवर अतोनात ताण येई आणि व्यापारी व सल्लागार मध्यरात्रीपर्यंत ताटकळत. अखेर जानेवारी २०२० मध्यें केंद्र सरकारनें तारखा विभागल्या. मागील वर्षीं पांच कोटींहून अधिक उलाढाल असलेल्यांस २० तारीख ठेवली, त्याखालच्यांची राज्यवार वाटणी करून कांहींस २२ आणि कांहींस २४ तारीख दिली. महाराष्ट्र व तेलंगण दोन्ही २२ तारखेच्या गटांत पडले, म्हणजे वारंगा फाट्यावरून दोन्ही बाजूंस माल पाठविणाऱ्या लहान व्यापाऱ्यांची तारीख एकच राहिली. भरावयाचीं पत्रकें तेवढींच होतीं. दोन दिवसांच्या अंतरानें त्यांची रांग तुटावी, एवढीच ती योजना.

पेढीच्या साठ अहवालांना हेंच लागू आहे. दहाच्या ठोक्यालाच ते सगळे कां निघावे? बँकेचा तक्ता रात्रीं दोन वाजतां निघाला तरी बँक सकाळींच उघडते. महिन्याचे अहवाल एक तारखेस सकाळींच काढण्याचा हट्ट धरला तर कांटा, पट्टी, वसुली सगळेंच त्या दिवशीं मंदावतें. तीन तारखेस काढले तर कोणाचेंही बिघडत नाहीं. चालू यंत्रावरचा भार उतरविण्यासाठीं दप्तराची दुसरी प्रत निराळ्या यंत्रावर ठेवून वाचणाऱ्यांस तिकडे पाठवितात, तीही चांगली तोड आहे. पण ती खर्चाची आहे आणि आधीं वेळापत्रक सुधारल्यावांचून तो खर्च करणें म्हणजे पाहुणे कमी करावयाच्या ऐवजीं घर बांधावयास काढणें होय.

ह्याउपर प्रश्न उरतो तो न वाचल्या जाणाऱ्या अहवालांचा. येथें यंत्राचें कांहींच चुकत नाहीं. एखादा नवा अधिकारी येतो, त्याला आपल्या पसंतीचा तक्ता पाहिजे असतो. तो बदलून जातो, तक्ता राहतो. दुसरा येतो, तो त्याच तक्त्याला एक रकाना वाढवून नवा करून घेतो. जुना तसाच चालू. एक लक्ष ओळींचा अहवाल दररोज पहांटे तयार होऊन पांच जणांच्या टपालांत पडतो. पानाला ४० ओळी धरल्या तर तो २,५०० पानांचा ग्रंथ झाला. तो रोज कोण वाचतो? बहुधा त्यांतील एक आकडा कोणीतरी पाहतो, आणि तो एका ओळींत सांगतां आला असता. मराठी शाळांतील शिक्षकांना ह्या रोगाची ओळख करून द्यावयास नको. पटसंख्या, पोषण आहार, गणवेश ह्यांची माहिती एका ठिकाणीं भरून झाली तरी निराळ्या नमुन्यांत पुन्हां ‘तातडीनें’ मागविली जाते, आणि तेवढा वेळ फळा कोरा राहतो. संगणकाच्या बाबतींत कोऱ्या फळ्याच्या जागीं थांबलेला वजनकांटा असतो.

सुदैवानें संगणक एका बाबतींत माणसाहून प्रामाणिक आहे. कोणता अहवाल कोणीं, केव्हां उघडला, त्यास किती वेळ लागला, हें तो आपल्या रोजनिशींत लिहून ठेवूं शकतो. ती रोजनिशी तीन महिन्यांची काढून बसलें कीं निम्मा प्रश्न समोर येतो. ज्यांस नव्वद दिवसांत कोणी हात लावला नाहीं त्यांची निराळी यादी करावी. ते पुसूं नयेत, फक्त आपोआप निघणें बंद करावें आणि कोणी विचारीत येतो का तें पाहावें. वर्षअखेरचे अहवाल ह्या चाळणींत फसवे ठरतात, कारण ते वर्षांतून एकदांच लागतात, त्यांना वगळावें. दोन अहवालांत एकाच रकान्याचा फरक असेल तर दोघांच्या मालकांना एकत्र बसवून एक करावा; हें काम संगणकाच्या तंत्रज्ञाकडे सोपवूं नये, त्याला ‘नाहीं’ म्हणण्याचा अधिकार नसतो. आणि यापुढें नवा अहवाल मागणाऱ्यानें आपलें नांव, तो किती दिवस लागणार ती मुदत, आणि त्यावरून कोणता निर्णय घ्यावयाचा आहे तें, अशा तीन गोष्टी लिहून द्याव्या. तिसरी गोष्ट लिहावयास बसल्यावर पुष्कळांची मागणी आपोआपच विरून जाते.

पेढीच्या मालकास अशा वेळीं भीति वाटते ती ही कीं, उद्यां कर-अधिकाऱ्यानें विचारलें तर काय दाखवावें? वस्तु व सेवा कराच्या कायद्यानें हिशेबाच्या वह्या व दप्तर, वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने राखावें लागतें, हें खरें. पण राखावयाचें आहे तें खरेदीची मूळ नोंद, पावती आणि पट्टी. त्यांवरून पहांटे निघणारा अडीच हजार पानांचा ग्रंथ राखावा असें कायद्यांत कोठें म्हटलेलें नाहीं. मूळ नोंद शाबूत असली तर तो मागतील त्या दिवशीं पुन्हां काढतां येतो, आणि तोही रात्रीं, कांटा बंद झाल्यावर.